सासूबाईंच्या औषधांचा मेळ घालताना

माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी ही तीन दुखणी त्यांच्याकडे बरीच वर्षे मुक्कामाला आहेत आणि प्रत्येक दुखण्यासाठी कोल्हापुरात त्यांचे एक वेगळे डॉक्टर आहेत. शिवाय मंगळवार पेठेतले आमचे फॅमिली डॉक्टर, ज्यांच्याकडे सर्दी-खोकल्यापलीकडे काही घेऊन जावे असे आमच्या घरात कोणाला वाटत नसे. २०२५ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत आम्ही सासूबाईंच्या सगळ्या औषधांची नव्याने मांडणी करून घेतली आणि त्यात सर्वांत जास्त उपयोग याच लहानशा दवाखान्याचा झाला. असे काम ज्यांच्या घरात करायचे आहे त्यांना थोडी वाट दिसावी म्हणून घडले तसे क्रमाने लिहीत आहे. खाली आलेले डोस सासूबाईंचे आहेत आणि ते त्यांच्या तपासण्या पाहून ठरलेले आहेत. ते पाहून कोणी आपल्या घरातली गोळी बदलू नये.

जूनच्या मध्यापासून त्यांच्या पावलांवर सूज दिसू लागली होती. पाऊस आणि गारठा यांवर त्याचा ठपका ठेवून त्या लसणाच्या तेलाने पाय चोळत होत्या. ६ जुलैला, रविवारी, आषाढी एकादशी आली. माझा नवरा मित्रांबरोबर दिंडीतून नंदवाळला चालत गेला होता. सासूबाईंनी सकाळी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, वर फक्त चहा घेतला आणि पूजेला बसल्या. साडेअकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि बोलण्यात विसंगती येऊ लागली. घरातल्या ग्लुकोमीटरवर साखर ५८ आली. सत्तरच्या खालची साखर म्हणजे तातडीचे काम, एवढे मला ठाऊक होते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा ८४ होती. मग दूध आणि केळे दिले. जरा सावरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “उपास मोडला का गं माझा?” “नाही आई, साखर उपवासाला चालते,” असे सांगितल्यावर त्यांना हायसे वाटले. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर मात्र तोंडाने काहीही द्यायचे नसते, थेट १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची असते. आमच्यावर ती वेळ आली नाही.

फॅमिली डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रात्रीची मधुमेहाची गोळी देऊ नका, दर चार तासांनी साखर पाहा, असे सांगितले आणि पुढे म्हणाले, “उद्या त्यांना घेऊन या आणि घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या आणा. नुसत्या चिठ्ठ्या नकोत.”

चिठ्ठ्या नकोत, गोळ्या आणा, यामागचे कारण त्याच संध्याकाळी कळले. सासूबाईंची औषधे एका साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत असतात. ती पिशवी मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर रिकामी केली. मेडिकल दुकानात पाच-सहा गोळ्या मागितल्या की पाकीट कात्रीने कापून देतात आणि औषधाचे नाव किंवा मुदत संपण्याची तारीख बऱ्याचदा उरलेल्या तुकड्यावर राहते. पिशवीत असे बिननावाचे तुकडे भरपूर होते. सासूबाई स्वतः औषधे रंगावरून आणि आकारावरून ओळखतात. “ही तांबडी सकाळची, ही चपटी जेवल्यावर, आन ही पांढरी पाय लई ठणकला की घ्यायची.” ही पांढरी गोळी किती वेळा घेता, असे विचारल्यावर आधी “कधीतरी” असे उत्तर आले, मग “एकाआड एक दिवस” आणि शेवटी कळले की एप्रिलपासून ती रोज सकाळ-संध्याकाळ चालू आहे. हाडांच्या डॉक्टरांनी ती वर्षभरापूर्वी पाच दिवसांसाठी लिहून दिली होती. त्यानंतर रिकामे पाकीट दाखवून ती ओळखीच्या दुकानातून आणली जात होती. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे आणि पाकिटावर तशी सूचनाही छापलेली असते, पण ओळखीच्या गिऱ्हाईकापुढे नियम किती टिकतो हे सगळ्यांना माहीत आहे.

रात्री मी यादी केली. मी पतसंस्थेत नोकरी करते, रकाने आखण्याची सवय हाताला आहे. औषधाचे व्यापारी नाव, त्यातले मूळ औषध, मिलिग्रॅम, कधी घ्यायचे, प्रत्यक्षात कधी घेतले जाते, कशासाठी, कोणी सुरू केले आणि कधीपासून, असे रकाने केले. यात “प्रत्यक्षात कधी घेतले जाते” हा रकाना सर्वांत मोलाचा ठरला आणि तो भरताना आवाज चढवायचा नाही हे पथ्य कटाक्षाने पाळावे लागले, कारण रागावले की म्हातारी माणसे खरे सांगायचे बंद करतात. मूळ औषधाचे नाव पाकिटावर व्यापारी नावाच्या खाली बारीक अक्षरांत असते. फोनने फोटो काढून मोठा करून पाहिला की वाचता येते. यादीत आयुर्वेदिक चूर्ण, कॅल्शियमच्या गोळ्या आणि लावायचे मलमही घातले. यादी पुरी झाली तेव्हा दोन गोष्टी उघड्या डोळ्यांना दिसल्या. टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे औषध दोन वेगळ्या नावांनी दोनदा जात होते, एकदा एकटे आणि एकदा हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत. आम्लपित्ताचे पँटोप्राझोलही तसेच दोन नावांनी होते. कोणा डॉक्टरांनी चुकीचे लिहिले होते असे नाही. प्रत्येकाने आपल्यासमोर जे आले त्यावर लिहिले होते, आणि सगळे एकत्र कोणाच्याच समोर आले नव्हते.

सोमवारी दवाखान्यात गर्दी असते. नऊला नंबर लावला आणि सव्वाअकराला आत गेलो. (तातडी नसेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी दवाखाना बंद होण्याच्या तासभर आधी जावे, डॉक्टरांना बोलायला वेळ असतो, हे मला कंपाउंडरकाकांनी नंतर सांगितले.) तपासणी फी २०० रुपये. रक्तदाब १५६/९० होता. डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली, पिशवीतले प्रत्येक पाकीट यादीशी ताडून पाहिले आणि बाजूला काढलेली पहिली गोळी होती ती “पांढरी”: अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. त्यांनी जे समजावले ते मी तिथेच वहीत उतरवून घेतले. अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या जातीची वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे पायांवर सूज येते आणि रक्तदाब चढतो. मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठाही ती कमी करतात. टेल्मिसार्टनसारखे औषध आणि लघवी वाढवणारे औषध आधीच चालू असताना त्यांच्या जोडीला हे वेदनाशामक रोज घेतले तर वयस्कर माणसाच्या मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. आणि मूत्रपिंड मंदावले की मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडचा परिणाम लांबू शकतो, साखर अवचित खाली जाते. एकादशीचा उपवास हे निमित्त होते, तयारी त्याआधीच होऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी रक्त-लघवीच्या तपासण्या केल्या. राजारामपुरीतल्या प्रयोगशाळेत सगळे मिळून १,४५० रुपये झाले आणि अहवाल संध्याकाळी फोनवर आला. मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन १.५, पोटॅशियम ५.४, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीए१सी ७.१. मी अहवालातले ठळक आकडे पाहून इंटरनेटवर शोधू लागले आणि अर्ध्या तासात माझी झोप उडाली. डायलिसिस या शब्दाच्या पलीकडे मला काही दिसेना. हा अर्धा तास इतरांनी वाचवावा असे मला मनापासून वाटते, कारण तोच अहवाल डॉक्टरांनी पाहिला तेव्हा ते शांतपणे म्हणाले की क्रिएटिनिनचा हा आकडा नवा आहे की जुना ते आधी शोधा. दोन वर्षांपूर्वीच्या एका फाइलमध्ये १.० सापडला. म्हणजे घसरण अलीकडची होती आणि ती सुधारण्याजोगी असू शकत होती. जुने अहवाल रद्दीत न घालण्याचे याहून चांगले कारण मला सांगता येणार नाही.

वेदनाशामक पूर्ण बंद झाले. टेल्मिसार्टन एकच ठेवले, लघवी वाढवणारे औषध तूर्त थांबवले, ग्लिमेपिराइड २ वरून १ मिलिग्रॅमवर आणले. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे दुसरे औषध मूत्रपिंडाच्या क्षमतेप्रमाणे (अहवालात तिला ईजीएफआर म्हणतात) ठरवावे लागते. ती क्षमता ४५ च्या खाली आली तर डोस कमी करतात आणि ३० च्या खाली गेली तर ते बंद करतात. सासूबाईंची वय आणि क्रिएटिनिन धरून काढलेली क्षमता ३७ च्या आसपास होती, म्हणून दिवसाचा डोस १,००० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणला. दुखलेच तर साधे पॅरासिटामॉल, तेही दिवसात किती हे ठरवून. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, तेव्हा दोन्ही एकदम घेऊ नयेत हेही त्यांनी बजावले. गुडघ्यांसाठी मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यायला सांगितले. सोबत सीपीआरमधल्या मेडिसिन विभागासाठी चिठ्ठी दिली, म्हणजे मूत्रपिंडाबाबत आणखी एक मत मिळेल आणि सोनोग्राफीही होईल.

सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय; जुनी माणसे त्याला अजून थोरला दवाखानाच म्हणतात. दसरा चौकाजवळचे हे रुग्णालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे आणि जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून, शिवाय शेजारच्या कोकणातून आणि सीमाभागातून माणसे येथे येतात, त्यामुळे अर्धा दिवस हाताशी ठेवूनच जावे. आम्ही १५ जुलैला सकाळी आठला पोहोचलो. केसपेपर काढताना आधार कार्ड आणि मोबाइल क्रमांक लागला, फी किरकोळ होती. आभा क्रमांक, म्हणजे चौदा आकडी आरोग्य ओळख क्रमांक, घरूनच काढून ठेवला असेल तर सोयीचे पडते. मधुमेही माणसाला रांगेत उपाशी ठेवू नये. आम्ही भाकरीचा डबा, पाणी आणि ग्लुकोमीटर बरोबर नेले होते. बाकड्यावर शेजारी बसलेल्या गगनबावड्याच्या एका आजींच्या हातातही अशीच गोळ्यांची पिशवी होती. सासूबाईंनी त्यांना आमची यादी मोठ्या अभिमानाने दाखवली, जणू ती त्यांनीच लिहिली होती.

तपासणाऱ्या निवासी डॉक्टर मुलीने चिठ्ठी आणि यादी वाचली आणि पहिल्या पाच मिनिटांत ती मुद्द्यावर आली. पायाची सूज दाबून पाहिली, उभे असताना आणि बसलेले असताना असा दोनदा रक्तदाब घेतला, कारण म्हाताऱ्या माणसांना उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. वरिष्ठांना दाखवून तिने आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या बदलांवर संमतीची मोहोर उठवली, मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असल्याने ब१२ जीवनसत्त्व तपासायला सांगितले आणि सोनोग्राफीची तारीख दिली. सोनोग्राफी २४ जुलैला झाली, मूत्रपिंडे आकाराने ठीक निघाली. ब१२ मात्र कमी होते; पायांना मुंग्या येतात असे सासूबाई कधीपासून सांगत होत्या, त्याचा काही भाग यात असावा. मोठ्या रुग्णालयात जाताना फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी नेली की तिथल्या डॉक्टरांना सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही, आणि परत आल्यावर तिथला कागद फॅमिली डॉक्टरांना दाखवला की इकडची नोंद पुरी राहते. हे दुसरे काम पुष्कळ लोक करत नाहीत.

यानंतरचे तीन आठवडे कठीण गेले. पांढरी गोळी नाही म्हणजे गुडघे बोलणार. सासूबाई दोन रात्री नीट झोपल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी माझ्याशीही बोलल्या नाहीत. “तुझ्या डॉक्टरला गुडघं असतील तर कळंल,” हे त्यांचे वाक्य मी डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते मनापासून हसले आणि मग गरम पाण्याची पिशवी कधी, किती वेळ, आणि मधुमेहात पायाची कातडी भाजू नये म्हणून मध्ये कापड कसे घालायचे, हे सविस्तर सांगितले. फिजिओथेरपीचे एका वेळचे ३०० रुपये होते. व्यायाम समजल्यावर आम्ही ते घरीच चालू ठेवले: खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली घ्यायचा. ऑगस्टच्या सुरुवातीला सूज उतरली होती. ११ ऑगस्टचे क्रिएटिनिन १.१ आणि पोटॅशियम ४.६ आले. मी तो अहवाल नवऱ्याला कामाच्या ठिकाणी फोन करून वाचून दाखवला.

आता खर्चाचे. आधी महिन्याला साधारण २,९०० रुपये औषधांना जात. दुहेरी आणि अनावश्यक गोळ्या गेल्यावर ते १,९०० पर्यंत आले. मग आम्ही जनऔषधी केंद्राचा विचार केला. प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजनेच्या या दुकानांत औषध मूळ नावाने मिळते आणि नामांकित कंपन्यांच्या किमतीपेक्षा निम्म्याने किंवा त्याहूनही स्वस्त पडते. आपल्याजवळचे केंद्र आणि औषधाची किंमत “जनऔषधी सुगम” या अ‍ॅपवर पाहता येते. सासूबाईंचे म्हणणे असे की स्वस्तातली गोळी लागू पडत नाही. वाद घालण्याऐवजी डॉक्टरांना विचारून आम्ही आधी फक्त रक्तदाबाचे औषध बदलले आणि दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ रक्तदाब वहीत लिहिला. आकडे १३० च्या आसपास राहिले. त्यानंतर मेटफॉर्मिन, मग कोलेस्टेरॉलची गोळी, असे एकेक करून बदलले. सगळे एकदम बदलू नये, नाहीतर काही बिघडले तर कशामुळे ते कळत नाही. आता महिन्याला साधारण ८५० रुपये लागतात. एक अडचण खरी आहे: एखादे औषध कधी कधी केंद्रात शिल्लक नसते. म्हणून दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की आम्ही पुढच्या महिन्याची खरेदी करतो, अख्खे पाकीट घेतो आणि बिल जपून ठेवतो.

पिशवीतून बाहेर पडलेल्या जुन्या औषधांचे काय करायचे, हा प्रश्न बरेच दिवस खिडकीत पडून होता. त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्याही होत्या, सासऱ्यांच्या कुठल्याशा खोकल्यातून उरलेल्या. पाकिटावर उभी लाल रेष असलेली अशी औषधे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायची नसतात आणि लिहून दिलेली मध्येच सोडायची नसतात. पुढच्या वेळी उपयोगी पडतील म्हणून ठेवलेले प्रतिजैविक पुढच्या वेळी बहुधा चुकीच्या आजारावर चुकीच्या डोसात जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, म्हणजे ती ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळायची नाहीत. आम्ही सगळ्या गोळ्या एका बंद डब्यात घातल्या, पाकिटांवर पेनने फुल्या मारल्या, डब्यावर ठळक अक्षरांत “जुनी औषधे” असे लिहिले आणि घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात वेगळा दिला. संडासात किंवा मोरीत औषधे ओतू नयेत. ते पाणी शेवटी पंचगंगेकडेच जाते.

सप्टेंबरमध्ये खरी परीक्षा होती. २२ तारखेला घटस्थापना होती, आणि अंबाबाईच्या गावात राहून नवरात्राचे उपवास करायचे नाहीत, हे सासूबाईंना सांगण्याची माझी प्राज्ञा नव्हती. आठवडाभर आधी त्यांनाच दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सरळ नाही म्हटले असते तर त्यांनी गुपचूप केले असते, हे डॉक्टरांनाही ठाऊक असावे. त्यांनी विचारले, “मावशी, उठता-बसता केलं तर देवी चालवून घेईल का?” थोडा वेळ गप्प बसून सासूबाई म्हणाल्या, “चालवून घ्यायला पायजे तिनं.” मग ठरले ते असे: उपवासाच्या दोन दिवशी, म्हणजे नवरात्राच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, ग्लिमेपिराइड घ्यायचे नाही, बाकीच्या औषधांत बदल नाही, साबुदाण्याच्या खिचडीची ताटली न भरता वरी, दाण्याची आमटी, दही, राजगिरा थोडे थोडे दर तीन तासांनी, पाणी भरपूर, सकाळी, दुपारी आणि रात्री साखर तपासायची आणि सत्तरच्या खाली गेली तर त्याच क्षणी उपवास सोडायचा. हा करार कागदावर लिहून घेतला, कारण तोंडी करार सोयीने आठवतो. दोन्ही दिवशी साखर ९५ च्या खाली गेली नाही. त्र्यंबोलीच्या यात्रेला मात्र त्या टेकडी चढल्या नाहीत, खालूनच हात जोडून आल्या, आणि हे त्यांनी स्वतःहून केले.

यादी आता एका कागदावर मावते. एक प्रत त्यांच्या बटव्यात आहे, एक फ्रिजवर, फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये. एखादे औषध बदलले की जुना कागद फाडून त्याच दिवशी नवा लिहितो आणि वर तारीख घालतो. कोणतेही डॉक्टर नवीन औषध लिहू लागले की सासूबाई आधी बटवा उघडतात. दंतवैद्यांकडे दाढ काढायला गेल्या तेव्हा त्यांनी कागद पाहून वेदनाशामक बदलून दिले. गोळ्यांसाठी सात दिवसांचा कप्प्यांचा डबा १२० रुपयांना महाद्वार रोडवर मिळाला. तो दर रविवारी संध्याकाळी नातू भरतो आणि मी पाहते.

८ डिसेंबरच्या तपासणीत क्रिएटिनिन १.० आणि एचबीए१सी ७.३ होते. साखर थोडी वर गेली म्हणून मी गोळी वाढवायची का असे विचारले, तर डॉक्टर म्हणाले की या वयात सतत खाली जाणाऱ्या साखरेपेक्षा हे परवडले. पुढची रक्ततपासणी मार्चमध्ये आहे. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, जी मधुमेहात वर्षातून एकदा करायची असते, ती अजून राहिली आहे आणि त्यासाठी जानेवारीतली वेळ घेतली आहे. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते, तेव्हा त्या दिवशी रिक्षाने जायचे आणि उन्हाचा चष्मा बरोबर न्यायचा, असे तिथल्या ताईंनी फोनवर सांगून ठेवले आहे.